सहाव्या मजल्यावरची हाक

टेम्पो वस्तीच्या तोंडाशी उभा होता आणि आई घराच्या उंबऱ्यात. सामान म्हणावं असं काही नव्हतंच. एक गादी, पुस्तकांची दोन-चार खोकी, आणि चादरीत गुंडाळलेला कॉम्प्युटर, ज्याला गल्लीतली पोरं हात लावून बघत होती. शेजारच्या अण्णांनी "जयभीम साहेब" म्हणून सलाम ठोकला, थोडा थट्टेत, थोडा खराच. मी ड्रायव्हरशेजारी बसलो. टेम्पो मार्केट यार्डाच्या कोपऱ्यावर वळणार, तेवढ्यात ट्रकांच्या हॉर्नवरून, हमालांच्या आरोळ्यांवरून आईची हाक आली : "सिध्याऽऽ, पोचल्यावर कळव रं!" घरात फोन नव्हता, तेव्हा कळवायचं कसं, हा विचार तिने केलेला नसणार. ड्रायव्हर हसला. म्हणाला, "सिध्या म्हणजे तुम्हीच का साहेब?" मी म्हणालो, "चला, उशीर होतोय."

लोक अमेरिकेला जातात आणि घर सोडल्याच्या आठवणी लिहितात. माझं स्थलांतर गुलटेकडीहून खराडीपर्यंतचं. मध्ये सातासमुद्रांऐवजी हडपसर, मुंढवा आणि एक नदी. महापालिकाही तीच. तरीही मी जितका लांब गेलो तितका सिॲटलला गेलेला माझा मित्र गेला नाही, असं मला वाटतं. वस्तीतून माझ्यासारखेच जे बाहेर पडले आणि जे तिथेच राहिले, त्या दोघांसाठी हे लिहितोय. पहिल्यांना यातलं बरंच ठाऊक असेल, पण ते कबूल करणार नाहीत. दुसऱ्यांनी मला शिव्या घातल्या तरी चालतील.

आमच्या वस्तीत माणसं हाकेवर जगायची. नळाला पाणी आलं की हाक, मुकादम आला की हाक, विहारात वंदना सुरू होणार असली की हाक. वडील यार्डात हमाली करायचे. ते मी इंजिनिअरिंगला असतानाच गेले. आई मिरचीच्या गाळ्यावर देठं खुडायला जायची. दिवसभर तिखटात बसून बाकीच्या बायकांचे आवाज बसायचे. हिचा मात्र आणखी खणखणीत व्हायचा. संध्याकाळी ती दारात उभी राहून "सिध्याऽऽ" म्हणाली की मी कुठल्याही गल्लीत असलो तरी बॅट टाकून पळत सुटायचो. दोस्त चिडवायचे, "भोंगा झाला रे!" पण त्यांच्या आया हाका मारून थकल्या की त्यासुद्धा माझ्या आईलाच सांगायच्या, "जरा आमच्याबी पोराला आवाज द्या."

मी आलो तेव्हा खराडीत अजून ज्वारी उभी होती. आयटी पार्कच्या काचा चमकायला लागल्या होत्या आणि त्यांच्या शेजारीच म्हशी डुंबत होत्या. ऑफिसात सिद्धार्थचा सिड झाला, आणि सिडने रिलीज, डेडलाइन, ऑनसाइट करत करत लोन काढून पाचव्या मजल्यावर टू बीएचके घेतला. लग्न झालं. प्रज्ञा नागपूरची, वडील सरकारी अधिकारी, त्यामुळे आपण कोण आहोत हे सांगताना तिला कधी अडखळावं लागलेलं नाही. मी अडखळायचो. सोसायटीत कुणी विचारलं, "मूळचे कुठले?" की मी म्हणायचो, "मार्केट यार्डाकडचे." समोरचा म्हणायचा, "अच्छा, आडतीचा व्यवसाय वाटतं?" मी हसायचो. त्या हसण्याचा अर्थ ज्याने त्याने आपापला लावला, आणि मी तो लावू दिला.

आईला न्यायचा प्रयत्न केला नाही असं नाही. ती यायची, दोन दिवस राहायची, आणि पिशवी भरायला घ्यायची. "तुझ्या घरात समदं हाय," ती म्हणायची, "फकस्त आवाज न्हाई." मी तिला रागवायचो. खरं सांगायचं तर ती निघाली की मला हायसंही वाटायचं.

मग रस्ता रुंद करायचं ठरलं आणि आमची वस्ती आडवी आली. सोसायटीच्या ग्रुपवर त्या रस्त्याची बातमी आली तेव्हा लोकांनी "फायनली!" लिहिलं. मीही अंगठा टाकला. वाटलं, आईला पक्कं घर मिळेल. तेही खोटं नव्हतं. वस्तीतल्या लोकांची पुनर्वसनाची घरं निघाली, चिठ्ठ्या उचलल्या गेल्या, आणि आईला सहावा मजला मिळाला. कुठे, तर खराडीत. आमच्या कंपाउंडला लागून जी उंच, पिवळट इमारत वर्षभर चढत होती, तीच ती. मी घर सोडून शहराच्या या टोकाला आलो, आणि अख्खं घर माझ्या मागोमाग येऊन शेजारी उभं राहिलं.

आई तिथे राहायला आली त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी मी बाल्कनीत चहा घेत होतो. समोरच्या गॅलरीतून, भिंतीवरून, मधल्या बोळावरून हाक आली : "सिध्याऽऽ! अरं हितं बघ, हितं!" आई दोन्ही हात हलवत होती. इतकी खूश मी तिला वडील गेल्यापासून पाहिली नव्हती. "वांग्याचं कालवण केलंय, डबा घिऊन जा!" मी हात वर केला. अर्धाच, छातीपर्यंत. मग आजूबाजूच्या बाल्कन्यांकडे पाहिलं.

त्यानंतर ती रोज हाक मारायला लागली. तिच्या मते हे देवाघरचं सुख होतं, लेक हाकेच्या अंतरावर. कंपाउंडच्या बाजूच्या छोट्या फाटकातून ती दोन मिनिटांत यायची, डबा द्यायची, प्रज्ञाशी गप्पा मारायची. आणि ग्रुपवर एक दिवस मेसेज आला : "त्या बिल्डिंगमधून एक बाई रोज सकाळी बोंबलते. हे खेडं आहे का?" खाली हसऱ्या तोंडांची रांग. कुणीतरी विचारलं, "हू इज धिस सिध्या, यार?" प्रज्ञा फोन माझ्यासमोर धरून म्हणाली, "लिहू का, त्या माझ्या सासूबाई आहेत म्हणून?" मी म्हणालो, "थांब, मी बघतो." तिने फोन टेबलावर उलटा ठेवला. त्याच संध्याकाळी लिफ्टमध्ये तिसऱ्या मजल्यावरचा एक भला माणूस मला म्हणाला, "सिड, त्या सिध्याला कुणीतरी शोधून काढा बुवा, बिचारीचा घसा बसेल." मी हसलो. अगदी मनापासून हसल्यासारखा हसलो.

पुढच्या महिन्यात भिंतीसाठी मीटिंग लागली. नव्या इमारतीकडची भिंत वाढवायची आणि छोटं फाटक कायमचं बंद करायचं, असा प्रस्ताव. क्लब हाउस इतकं भरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. सेक्रेटरीबाई म्हणाल्या, "आम्ही कुणाच्या विरोधात नाही आहोत. पण आपण एका प्रकारच्या लाइफस्टाइलसाठी इथे आलो." पलीकडून कुणी म्हणालं, शहर वाढलंच पाहिजे, पण प्लॅनिंगने. एकाने चोरीचं काढलं, दुसऱ्याने पार्किंगचं, तिसऱ्याने फ्लॅटच्या किमतीचं.

तळमजल्यावरचे तात्या, ज्यांच्या रानावर आमची सोसायटी उभी आहे, ते मागे बसून ऐकत होते. ते उठून म्हणाले, "मला येक सांगा, तुमी आलाव तवा आमी भित घातली व्हती का? आमच्या म्हशीला तुमचा हॉर्न सोसला न्हाई, तरी बी आमी गप ऱ्हायलो. आता त्ये बी आलं. येनारच की. शहर हाय ह्ये." लोक जरा हसले. मग कसब्यातून मुलाकडे राहायला आलेले जोशीकाका बोलले. आयुष्यभर पेठेत काढलेला माणूस. आवाज चढवायचे नाहीत, पण टोचायचं ते बरोबर टोचायचे. "आमच्याकडे शेजाऱ्याने फोडणी दिली की ठसका मला लागायचा. तरी आपण मध्ये भिंत घातली नाही. भांडलो. रोज भांडलो. भांडायला समोरचा माणूस दिसावा लागतो हो. आपल्याला शांतताच हवी असेल तर नदीपलीकडे स्मशानभूमी आहे, तिथे जागा बघा." सेक्रेटरीबाई म्हणाल्या, "काका, प्लीज, पर्सनल होऊ नका."

मीही बोललो. विरोधातच बोललो, आणि चांगला बोललो. फाटक बंद केलं तर बसस्टॉपला वळसा पडेल, आगीच्या वेळी दुसरी वाट हवी, बाहेरून कामाला येणाऱ्यांची गैरसोय होईल. प्रेझेंटेशन देतात तसे मुद्दे मांडले. एकच मुद्दा नव्हता त्यात, आईचा. जोशीकाका मला म्हणाले, "छान बोललात. पण आपलं पोट दुखतंय नक्की कुठे, ते काही कळलं नाही." मी पाणी प्यायलो.

मतं पडली. भिंत मंजूर झाली. मी हात विरोधात वर केला होता, सगळ्यांनी पाहिला होता. आणि निकाल ऐकल्यावर मला आतून बरं वाटलं. हे मी आजवर प्रज्ञालाही सांगितलेलं नाही. आपण हरलो याचा मला आनंद झाला. फाटक बंद होणार होतं आणि ते बंद करणारा मी नव्हतो, यापेक्षा सोयीचं काय असतं!

भिंत वाढली, वर काचा बसल्या. आईला आता मोठ्या रस्त्याने वळसा घालून मेन गेटवर यावं लागायचं आणि तिथे वॉचमन विचारायचा, "मावशी, कुठल्या फ्लॅटला काम?" दोनदा आली. मग म्हणाली, गुडघं दुखत्यात. पण हाका चालूच होत्या. सहाव्या मजल्यावरच्या माणसाला भिंत काय अडवणार!

तेव्हा मी तिला मोबाइल घेऊन दिला. चांगला, मोठ्या अक्षरांचा. त्यात माझा नंबर घालून दिला, बटण कुठलं दाबायचं ते शिकवलं. म्हणालो, "आई, आता ओरडायला नको. हे दाबलं की मी लगेच बोलेन. तुझ्या घशालाही त्रास नाही." तिने फोन उलटसुलट करून पाहिला. "वस्तीत तर कधी घशाला तरास झाला न्हाई," ती म्हणाली. मी काहीतरी नेटवर्कचं, रेंजचं समजावत राहिलो. ती ऐकत होती माझं तोंड बघत, जसं लहानपणी मी खोटं बोलत असलो की बघायची. मग म्हणाली, "बरं. तुमच्यातल्या लोकांना आवडत न्हाई व्हय."

'तुमच्यातल्या' असं ती म्हणाली. मी ते दुरुस्त केलं नाही. भिंत कमिटीने घातली होती, फोन मी दिला होता.

दुसऱ्या दिवसापासून हाक बंद. सकाळी फोन वाजतो. पलीकडून हळू आवाज येतो, कुणीतरी शेजारी झोपलेलं असावं इतका हळू : "सिद्धार्थ, मी आई बोलतेय." जन्मात तिने मला सिद्धार्थ म्हटलं नव्हतं. शाळेच्या दाखल्यातलं नाव होतं ते. आता घरात मला सिध्या म्हणणारं कुणी नाही. ग्रुपवरही कुणी विचारत नाही. एकदा कुणीतरी लिहिलं, "भिंतीचा चांगला फरक पडला, आवाज बंद झाला." त्यालाही अंगठे पडले. मी टाकला नाही, पण काही लिहिलंही नाही.

तुम्ही जे मागे राहिलात त्यांच्या मनात आमच्यासारख्यांबद्दल असतं की पोरगं मोठं झालं आणि विसरलं. तसं नाही. विसरता आलं असतं तर बरं झालं असतं. मला प्रत्येक गल्ली आठवते. मी डबा रोज जाऊन आणतो, वळसा घालून, आणि तिच्या घरात बसून चार घास खातोही. तिथे खालपासून वरपर्यंत सगळे माझ्याशी अदबीने बोलतात, खुर्ची पुसून देतात. अण्णा अजूनही "जयभीम साहेब" म्हणतात, पण आता त्यात थट्टा नसते. पूर्वी घर म्हणजे काय, असा प्रश्न मला पडायचा नाही. आता पडतो, आणि उत्तरही ठाऊक आहे. ज्या ठिकाणी आपलं माणूस आपल्याला घसा ताणून हाक मारू शकतं आणि आपल्याला आजूबाजूला बघावं लागत नाही, ते घर. या व्याख्येने बघितलं तर माझ्याकडे एक फ्लॅट आहे.

गेल्या रविवारी सकाळी मी बाल्कनीत उभा होतो. समोर आई पाठमोरी कपडे वाळत घालत होती. बारीक झालीये. एक साडी पिळायला तिला वेळ लागत होता. खाली जोशीकाका पेपर वाचत बसले होते, पोर्चमध्ये गाड्या पुसल्या जात होत्या, सेक्रेटरीबाई कुंड्यांना पाणी घालत होत्या. मला एकदम वाटलं, बास झालं. मी कठडा धरला. इतक्या वर्षांत मी मोठ्याने ओरडलेलोच नव्हतो, पहिल्यांदा नुसती हवाच आली. मग आली हाक, फाटकी, पण आली.

"आयेऽऽ! ए आयेऽऽ!"

जोशीकाकांनी पेपर खाली केला. दोन-चार खिडक्या उघडल्या. सेक्रेटरीबाईंनी झारी तशीच धरून वर पाहिलं, मग भिंतीपलीकडे पाहिलं, आणि त्यांना कळलं. कळू दे. आई वळली. तिने मला पाहिलं. मी हात हलवला, दोन्ही हात, डोक्याच्या वर. ती घाईने आत निघून गेली. मला वाटलं, डबा आणायला गेली.

खिशात फोन वाजला. तोच हळू आवाज.

"सिद्धार्थ, असं वरडू नगं बाळा. चांगली लोकं ऱ्हात्यात तिथं."