निपाणीला न गेलेल्या आक्का

कुणाच्याही घरी गेल्या की आक्का आधी कुंडीत बोट घालायच्या. चहा नंतर, ख्यालीखुशाली नंतर. दुसऱ्या पेरापर्यंत बोट मातीत रुतवायचं, क्षणभर डोळे मिटायचे, आणि मग निकाल. तो बहुतेक वेळा एकच असायचा.

"साकु! किती पाणी घालतासा? लाडानं मरंल की ते."

साकु म्हणजे पुरे. कानडीतला हा शब्द बेळगावात सगळ्यांच्याच तोंडी असतो. जेवायला बसल्यावर, गप्पा फार लांबल्यावर, कधीही. आक्कांच्या तोंडी मात्र तो झाडांच्या वतीने यायचा.

त्या मूळच्या निपाणीच्या. जैन घराणं, तंबाखूची वखार. नवरा वारला, वखार दिरांकडे गेली, मुलगा नोकरीला बंगळूरला, आणि आक्का बेळगावच्या खासबागेत आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये एकट्या. एकट्या हे आपलं आमचं म्हणणं. दार उघडलं की आत हिरवागार काळोख असायचा. त्यांच्या घरात ऊन असं यायचंच नाही. म्हणून सावलीत सुखाने राहणारी झाडं त्यांनी जमवली होती. टीव्हीवर मनीप्लांट, कोपऱ्यात तलवारीसारख्या पानांचं स्नेक प्लांट, न्हाणीघराच्या खिडकीत नेचे. एक जांभळ्या पानांचं झाड होतं, ते संध्याकाळ झाली की पानं मिटून घ्यायचं. आक्काही दिवस मावळायच्या आत जेवायच्या. "आमी दोघं एकदमच आवरतो," म्हणायच्या.

पानावर अळी दिसली तर ती मारायची नाही. पानासकट खाली न्यायची आणि शेजारच्या मोकळ्या प्लॉटमधल्या रुईवर सोडून यायची. वरचे लोक गॅलरीतून हसायचे. कुणी सुचवलं, तंबाखूचं पाणी फवारा, तुमच्या निपाणीचंच औषध. आक्का म्हणाल्या, "तंबाखूनं आमास्नी जेवू घातलं. आता त्येच्याकडनं मारायचं काम नको करून घ्यायला."

माझ्या नवऱ्याने एकदा मोबाइलवर वाचून त्यांना सांगितलं की झाडं घरातली हवा साफ करतात. आक्कांनी ऐकून घेतलं. "हवेचं मला ठाऊक न्हाय. खरं, कुलूप काढून आत आलं की घरात कोणतरी हाय असं वाटतंय, एवढं ठाऊक हाय."

सासूबाई गेल्यावर आम्ही आप्पांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, येळ्ळूरहून आमच्याकडे आणलं. जन्मभर भातशेती केलेला माणूस. वर्षभरापूर्वी मांडीचं हाड मोडलं होतं, ते सांधलं. पण माणूस सांधला नाही. सकाळी खुर्चीत बसायचे ते संध्याकाळपर्यंत भिंतीकडे बघत. ताटातलं निम्मं परत यायचं. डॉक्टर म्हणाले, शरीरात काही दोष नाही. ते ऐकून तर मला जास्तच भीती वाटली होती. दोष नसलेल्या माणसाला औषध तरी कुठलं द्यायचं?

आक्का एक दिवस रुंद पानांची पीस लिली कडेवर घेऊन आल्या. लहान मूल घ्यावं तशी.

"आप्पा, मला निपाणीला जायला लागतंय. भावाकडं पूजा हाय. हिला जरा बगा."

आप्पांनी मान वळवली. "डब्यातलं झाड? आमी शिवारभर भात लावलंय, बाई."

"म्हणूनच तुमच्याकडं आणलंय. दुसऱ्या कुणाचा भरवसा न्हाय." एवढं बोलून त्यांनी कुंडी आप्पांच्या समोर ठेवली आणि घराची किल्ली माझ्या हातात दिली. बाकीच्या झाडांना पाणी घालायला.

दुपारी मी शाळेतले तास संपवून परतले तर आप्पा दारात उभे. काठीवर भार देऊन, घामाघूम. "पोरी, त्या बाईचं झाड पडलं गं!"

खरंच पडलं होतं. सगळी पानं कुंडीच्या कडेवरून खाली लोंबत होती. आप्पांनी आपल्या पिण्याच्या तांब्यातलं पाणी घातलं होतं, पण झाड तसंच. "सकाळी ताठ हुतं. माझ्याच म्होरं मरायचं हुतं व्हय हिला?" भिंतीकडे बघून इतके दिवस न निघालेलं काहीतरी त्यांच्या आवाजात होतं. मी त्यांना बसवलं, पण ते कुंडीवरची नजर काढेनात.

दिवे लागायच्या सुमाराला पानं एकेक करून वर यायला लागली. कुणी आतून दोरी ओढावी तशी. आप्पांनी मला हाक मारली नाही, थेट माझ्या नवऱ्याला फोन लावला आणि ऑफिसात ऐकू जाईल एवढ्या मोठ्यांदा ओरडले, "उठलं रं! उठलं!" त्या रात्री त्यांनी दुसरी भाकरी मागून घेतली.

पुढची गोष्ट तुम्हाला खरी वाटणार नाही. मी किल्ली घेऊन आक्कांच्या घरी पाणी घालायला गेले, तर आत चटईवर बसून आक्का तांदूळ निवडत होत्या.

"श्श! मी निपाणीत हाय."

"आक्का! बस चुकली?"

"बस कशाला चुकंल? जायाचंच न्हवतं." हळू आवाजात त्यांनी मला जवळ बसवलं. लिली तहानली की मान टाकते आणि पाणी मिळालं की उठते, हे त्यांना पाठ होतं. मुद्दाम तिला कोरडी ठेवून आमच्याकडे आणली होती. "जेवा, जेवा म्हणून माणूस जेवत न्हाय. त्येला दुसऱ्याला जेवू घालायला लावायचं. मग बसतंय पानावर."

काही दिवस त्या अशाच निपाणीत राहिल्या. खिडक्या बंद, टीव्ही बंद, शिट्टी ऐकू जाईल म्हणून कुकर बंद. मी पदराआड दूध नेऊन द्यायची. मग एका सकाळी बाहेरचं लुगडं नेसून, हातात पिशवी घेऊन त्या आमच्या दारात हजर.

आप्पा लिलीजवळ बसले होते. "आलासा? पूजा झाली?"

"झाली की. झकास झाली."

"मग प्रसाद?"

आक्का पिशवीकडे बघत राहिल्या. पिशवी रिकामी होती.

"आन् मला एक सांगा," आप्पा म्हणाले, "निपाणीत हिंगाची फोडणी दिली की वास हितं खासबागेत येतोय व्हय?"

आणि आप्पा हसले. सासूबाई गेल्यापासून पहिल्यांदा. आक्काही भिंतीला टेकून हसत सुटल्या.

तेव्हापासून लिली आमच्याकडेच राहिली, आणि तिच्यामागून दुसऱ्या कुंड्या आल्या. दोघांची भांडणं मात्र संपली नाहीत. आप्पांना शेतकऱ्याची सवय, पाणी म्हणजे भरपूर. आक्का त्यांच्या हातातून तांब्या काढून घ्यायच्या. एकदा त्यांनी पानफुटीचं नुसतं एक पान कॅलेंडरच्या खिळ्याला टोचून ठेवलं. माती नाही, पाणी नाही. काही दिवसांत त्या पानाच्या कडेला बारीक रोपं फुटली, केसासारख्या मुळांसकट. आप्पा चष्मा लावून, चष्मा काढून बघत राहिले. "जलम गेला शेतात. ह्ये कवा बघितलं न्हाय."

"मी बी निपाणी सोडल्यावरच बघितलं," आक्का म्हणाल्या.

मग त्यांचे गुडघे थकले. जिना चढवेना, तसा भाऊ येऊन त्यांना निपाणीला घेऊन गेला. या वेळी खरोखर. आता आक्का जाऊनही वर्ष होत आलं. झोपेतच गेल्या म्हणे.

त्याआधी एकदा आम्ही आप्पांना घेऊन त्यांना भेटायला गेलो होतो. दुपार कलली होती. आक्का पडवीत बाजेवर गाढ झोपल्या होत्या. भावजय उठवायला निघाली, तर आप्पांनी हात करून थांबवलं. "निजू द्या." ते बाजेशेजारी खुर्ची ओढून बसले. आम्ही आत चहा घेत होतो. मी बाहेर डोकावले तेव्हा उतरतं ऊन पडवीत शिरून बाजेवर चढत होतं. आप्पा आपली खुर्ची हळूहळू सरकवत होते, त्यांची सावली आक्कांच्या तोंडावर राहील अशी.