एका तांब्यात मेथीची जुडी

सुमननं लसणाच्या फोडणीत मेथी टाकली आणि कढईच्या कडेनं बारीक पांढरा फेस वर यायला लागला. तिनं आधी कढईकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"कशानं धुतलीत?"

"पाण्यानं."

"आणि?"

आणि कपड्यांच्या पावडरीनं. चिमूटभरच. आता यातली लाजिरवाणी गोष्ट अशी की मी आरोग्य खात्यात आरोग्य शिक्षक होतो. म्हणजे हात कसे धुवावेत, भाजी कशी धुवावी, पाणी कसं झाकावं हे गावोगाव सांगत फिरायचं आणि त्याचा पगार घ्यायचा.

माझा हिशेब सरळ होता. दुष्काळ पडलेला. टँकर कधी यायचा, कधी नाही. पावडर लावली की माती झटकन सुटेल आणि पाणी वाचेल, असं मला वाटलं. माती सुटली. मग पावडर सुटेना. पालेभाजीच्या पानाला साबण लागला की तो चिकटून बसतो, सुरकुत्यांत शिरतो. तो काढता काढता एक अख्खी घागर रिकामी झाली, आणि उरलेला फेस आता कढईत दिसत होता. असली भाजी पोटात गेली तर जुलाब ठरलेले. भाजी उकिरड्यावर गेली. आम्ही भाकरी ठेच्याबरोबर खाल्ली.

घागर उपडी करून ठेवत सुमन म्हणाली, "इथून पुढं तुमच्या प्रयोगाला एक तांब्या मिळल. त्यात मेथी धुवा, न्हाईतर तोंड धुवा."

हा सगळा प्रताप झाला तो ऑफिसातल्या स्वामीमुळं. म्हणजे त्याची त्यात काही चूक नव्हती, पण मला तेव्हा तसंच वाटायचं.

लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. ऑफिस नवं, बोर्ड नवा, खुर्च्या मात्र दुसरीकडून आलेल्या. माणसंही तशीच. मी आणि स्वामी दोघंही नांदेड जिल्ह्यातून डेप्युटेशनवर आलो होतो. डेप्युटेशन म्हणजे उसनवारी. शेजारणीकडून वाटीभर साखर आणावी तशी एका ऑफिसनं दुसऱ्याकडून माणसं आणायची. फरक इतकाच की साखर परत मागायला कुणी येत नाही. आम्हाला मात्र परत जावं लागणार होतं, निदान एकाला तरी. लातूरला आरोग्य शिक्षकाचं एकच कायम पद मंजूर झालं होतं. दुसरा परत मुदखेडला.

मुदखेड वाईट आहे असं नाही. मी तिथं राहिलोय, भला गाव. पण लातूरला आल्यावर सुमनला बालवाडीत बाईंची जागा मिळाली होती. लग्नानंतरची तिची पहिली नोकरी. सकाळी केसाला पीन लावून, पर्स खांद्याला अडकवून ती निघायची तेव्हा मी मुद्दाम पेपर वर धरून तिच्याकडं बघायचो. मी परत गेलो तर ती नोकरी सोडणार, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

तर स्वामी. उंच, गोरा, आवाज असा की माईक लाजावा. नांदेडच्या उर्दूमिश्रित बोलीत तो असा काही गोष्ट सांगायचा की बाया हातातलं काम सोडून ऐकायच्या. जीपमध्ये साहेब त्याला पुढं बसवायचे आणि मी मागं, ब्लीचिंग पावडरच्या पोत्याशेजारी. हे सगळं मी सोसलं असतं. सोसवत नव्हता तो त्याचा शर्ट. अख्खं लातूर एका बादलीत अंघोळ उरकत होतं, आणि हा माणूस सोमवारी बगळ्यासारखा पांढराशुभ्र. लॉजवर राहायचा. मग धुवायला पाणी आणायचा कुठून? लॉजवाल्याशी त्याची काहीतरी सेटिंग आहे, अशी माझी पक्की खात्री होती. मी दोनदा त्या लॉजच्या नळाकडं जाऊनही आलो. नळ कोरडा. त्यानं संशय आणखी वाढला.

वर दुपारी माझ्याच टेबलाशी येऊन उभा राहायचा. "काय गायकवाड साहेब, आज डब्यात काय हाय?" आणि विचारता विचारता घोळाणा उचलायचा. घोळाणा म्हणजे कच्ची मेथी, तेल, तिखट, दाण्याचं कूट. आमच्याकडं भाकरीबरोबर तो लागतोच.

आणि त्या वर्षी तोच घोळाणा नडत होता. विहिरी आटल्या, तसं भाजीवाल्यांनी गावाबाहेरच्या नाल्याचं पाणी मळ्याला द्यायला सुरुवात केली. नाल्यात गावाची सगळी घाण. ती पानाला लागून बाजारात यायची. शिजवली तर फारसं बिघडत नाही, जंतू मरतात. पण कच्ची खाल्ली की गेलं. औसा रोडवरच्या एका गावात जुलाब-उलट्यांचे पेशंट वाढले, तेव्हा आमचे डॉक्टरसाहेब, म्हणजे जिल्हा आरोग्य अधिकारी, आम्हाला दोघांना आत बोलावते झाले.

"त्या गावात भाजी धुण्याचं डेमॉन्स्ट्रेशन करायचंय. बाजाराच्या दिवशी, बाया जमतात तिथं. दोघंही करा. मी येणार आहे." मग चष्मा पुसत म्हणाले, "कुणाला ठेवायचं ते मला वर कळवायचंय. गावाला जे पटेल, त्यावरून ठरवीन."

स्वामी म्हणाला, "जी साहेब." मीही जी साहेब म्हणालो, पण माझा आवाज चिरकला.

स्वामीच्या डेमॉन्स्ट्रेशनमध्ये काचेच्या बरण्या होत्या. बरणीत मेथी बुचकळायची, हलवायची आणि ते गढूळ पाणी उजेडात धरायचं. बघणाऱ्याला शिसारी यायची. त्याला उत्तर म्हणून मी पावडर काढली होती, आणि तिचं काय झालं ते वर सांगितलंच. आता माझ्याकडं उरला होता एक तांब्या.

सरकारी पत्रकात लिहिलेलं असायचं, भाजी वाहत्या पाण्याखाली धुवावी. कारण बुचकळलं की घाण त्याच पाण्यात राहते आणि पुन्हा पानाला चिकटते. धारेखाली ती वाहून जाते. आता नळालाच पाणी नाही तिथं वाहतं पाणी आणायचं कुठून? ओट्याशी बसून मी तांब्या तिरका केला. करंगळीएवढी धार पडली. म्हटलं, हेही वाहतंच की.

मग रोज संध्याकाळी एक जुडी. आधी कोरडीच झटकायची, निम्मी माती तिथंच पडते. मुळं कापायची, पिवळी आणि चिरडलेली पानं टाकायची, कारण घाण तिथंच जास्त. सगळी पानं एकदम नाही, मूठमूठ धारेखाली धरून चोळायची. पण त्याआधी हात आणि विळी. हात घाण असले तर भाजी धुणं म्हणजे नुसती करमणूक. कच्चं खायचं ते चांगल्या पाण्यानं आधी, शिजवायचं ते नंतर. खाली घमेलं ठेवायचं म्हणजे पाणी वाया जात नाही. धुतलं की स्वच्छ फडक्यावर पसरायचं. सुमन दारात उभी राहून बघायची. एकदा म्हणाली, "तुम्ही मेथी धुता का स्वामीचा गळा दाबता? पानं फाटून राहिली की."

बाजाराच्या दिवशी स्वामी आधी उभा राहिला. पारावर बाया बसलेल्या, साहेब खुर्चीवर. शर्ट पांढराशुभ्र. आवाज लागला, गोष्ट रंगली. त्यानं मेथी बरणीत बुचकळली, पाणी वर धरलं. चहा ओतावा तसं गढूळ. बायांनी पदर तोंडाला लावले. मुदखेडचं स्टेशन डोळ्यांपुढं आलं, आणि सुमनची पर्स खुंटीला टांगलेली दिसली.

मग स्वामीनं एक केलं. जोरात म्हणाला, "ही घाण आपल्या पोटात चालली होती, माय," आणि बरणी रस्त्यावर उपडी केली. दुसरी बरणी भरली. तीही उपडी. मग तिसरी.

तहानलेली माती ते पाणी बघता बघता पिऊन गेली. पुढच्या रांगेतली एक म्हातारी उठली. सगळे तिला शेवंताबाई म्हणत.

"पानी कुठलं म्हनायचं हे?"

"टँकरचं, माय."

"आन सांडलंस?" म्हातारी ओल्या जागेकडं बघत म्हणाली. "माझी म्हस कालपसनं कोरडं तोंड करून उभी हाय. तुझी भाजी तूच खा बाबा."

मागच्या बाया उठायला लागल्या. स्वामीचा आवाज पहिल्यांदाच बसलेला मी ऐकला. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. उन्हात सावली मिळावी तितकं बरं वाटलं.

साहेब म्हणाले, "गायकवाड, तुम्ही."

मी उठलो. शिपायाला पाणी मागितलं. त्यानं कॅन हलवून दाखवला. सगळं बरण्यांत गेलं होतं. तळाशी जे होतं ते त्यानं ओतलं, आणि नेमका एक तांब्या भरला.

मला हसू आलं. मी घमेलं पुढ्यात घेऊन खालीच बसलो, बायांसमोर. शेवंताबाईंना म्हटलं, "मावशी, एवढ्यातच धुतो. आणि खालचं पाणी तुमच्या म्हशीला. बसा जरा."

ती बसली. फुकटचं पाणी म्हटल्यावर बाकीच्याही बसल्या. मी झटकली, निवडली, हातावर थोडी धार घेतली, विळीवर घेतली, मग मूठमूठ चोळत गेलो. शेवटी तांब्याच्या तळाशी घोटभर पाणी उरलंच. एक सासुरवाशीण म्हणाली, "धार तर आम्ही बी धरतो की भाऊ. पर हात आन विळी न्हाई धुत आधी." दुसरीनं विचारलं, "टँकरात टाकतेत ती पावडर भाजीला लावू का?" म्हटलं, ती पाण्यासाठी, तीही मोजून. भाजीला पावडर लावू नका, कपड्यांची तर नकोच नको. हे मी फारच कळवळून सांगितलं असावं, कारण साहेबांनी वर पाहिलं.

मी स्वामीकडं बघितलं. तो एका कडेला उभा होता. त्याला नीट दिसावं म्हणून मी धुतलेली मेथी दोन्ही हातांनी वर धरली, बायांना दाखवली, आणि ऐटीत टोपलीत ठेवली.

"गायकवाड साहेब," स्वामी हळूच म्हणाला, "टोपली."

"काय टोपली?"

"भाजी त्याच टोपलीत आणली होती न तुम्ही. बाजारातून."

टोपलीच्या तळाला नाल्याकाठची काळी माती तशीच. फडकं माझ्या खांद्यावर. शेवंताबाई तोंडाला पदर लावून अशी हसली की शेजारणीला धरावं लागलं. "आंगूळ करून उकिरड्यात बसला की गं," ती म्हणाली. अख्खा पार हसून लोटपोट. मी मेथी पुन्हा बाहेर काढली आणि उरलेल्या घोटभर पाण्यात जमेल तशी धुतली. या वेळी फडक्यावर ठेवली.

परतताना जीपमध्ये साहेबांनी आम्हाला दोघांनाही मागं बसवलं.

"स्वामी, पाणी ओतायचं काय नडलं होतं?"

"सवय, साहेब. नांदेडला गोदावरी हाय."

"आणि गायकवाड, टोपली."

"हो साहेब."

"उठताना बाया एकमेकींना काय म्हणत होत्या, ऐकलंत? टोपली बदल गं, टोपली बदल. तुमचं बाकीचं विसरतील, ते नाही विसरणार." ते पुढं बघतच बोलत होते. "लातूरला तुम्ही थांबा. स्वामी, तुम्हाला मुदखेड."

मी स्वामीकडं चोरून पाहिलं. त्याचा चेहरा पडेल म्हणून पाहिलं. तो मान मागं टेकून, डोळे मिटून बसला होता, शाळा सुटल्यासारखा.

"लई बरं झालं बघा," तो माझ्या कानाशी म्हणाला. "आई एकटीच हाय न नांदेडला, मुदखेडहून रोज घरी जाता येतंय. दर शनिवारी जाऊन राहिलो. कपडे बी तीच धुऊन देते. पर आपल्या तोंडानं कसं म्हणावं, मला नको म्हणून? तुमच्या डब्यातला घोळाणा खाताना रोज वाटायचं, नशीब असावं तर या माणसासारखं."

ब्लीचिंग पावडरच्या पोत्याला टेकून मी औशाच्या दिशेनं मागं पडणारा रस्ता बघत राहिलो. मी जिंकलो का तो हरायलाच आला होता, हे मला आजतागायत ठरवता आलेलं नाही. गावातले पेशंट पुढं कमी झाले. टँकर नियमित झाला म्हणून, की टोपल्या बदलल्या म्हणून, तेही सांगता येणार नाही. आमच्या धंद्यात यशाचा धनी सापडत नाही. शिकलो ते एवढंच, की भाजी धुताना डोळे भाजीवर असावेत. शेजारच्याकडं बघत धुतलेलं काहीही स्वच्छ होत नाही.

सुमनची नोकरी राहिली. तिनं ऐकलं आणि पर्स उचलून आतल्या खोलीत नीट ठेवली.

काही दिवसांनी ऑफिसात नवा क्लार्क आला. संध्याकाळी मेथी घेऊन ओट्याशी बसलो आणि सहज सुमनला सांगितलं, "नवीन पोरगा आलाय. अक्षर म्हणे मोत्यासारखं. साहेब दिवसभर त्याचंच कौतुक करतायत. एवढं काय असतं अक्षरात?"

सुमननं माझ्या हातातली जुडी काढून घेतली.

"द्या इकडं," ती म्हणाली. "आज भाजी मी धुते."