बटणातल्या मुंग्या

आधीच सांगते, मी बत्तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलंय. नजर, करणी, बाहेरचं काहीतरी... असलं कुणी बोलायला लागलं की मी सरळ उठून चहा टाकायला जाते. म्हणूनच हे लिहू की नको यात दोन वर्षं गेली. पण हे डोळ्यांनी पाहिलेल्यांपैकी आता मी एकटीच उरलेय.

छप्पन्न सालच्या आसपासची गोष्ट. राज्यांची नवी जुळणी चालली होती. आमचं बऱ्हाणपूर मुंबईकडे जातं की मध्य प्रदेशातच राहतं, यावर शनवाऱ्यात ओट्याओट्यावर वाद व्हायचे. शनवारा दरवाज्याच्या आत दोन खोल्या आणि स्वयंपाकघर एवढंच आमचं घर. माणसं तीन – आई, दादा आणि मी. मी दहा वर्षांची. वडील मी तान्ही असतानाच गेले होते. दादा वीज कंपनीत वायरमन होता. गल्लीत पहिली बत्ती आमच्याकडे लागली, ती त्याच्यामुळेच. आई शिवणकाम करायची. चुलीच्या धुरानं तिचे डोळे अधू झाले होते, पण बल्ब आल्यापासून संध्याकाळीही सुईत दोरा जायला लागला. ती बटण दाबायच्या आधी हात पदराला पुसायची.

त्या माघात दादाचं लग्न झालं. इंदूवहिनी जसोंडीची, केळीच्या बागा असलेल्या घरातली. तिकडे वीज नव्हतीच. तिनं पहिल्यांदा बटण दाबलं तेव्हा ती खुदकन हसली होती, ते मला अजून आठवतं.

आठवड्याभरात मुंग्या सुरू झाल्या.

बारीक काळ्या. आधी वहिनीच्या खोलीतल्या बटणात. दादानं झाकण उघडलं तर आत गच्च! मेलेल्या, जिवंत, सगळ्या एकावर एक. त्यानं ब्रशनं साफ केलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग स्वयंपाकघरातल्या बटणात, मग फ्यूजच्या डबीत, मग रेडिओत. रेडिओ लावला की आधी जळका वास यायचा आणि मग खरखर.

आता मला ठाऊक आहे, विजेच्या सामानात मुंग्या शिरतात. ऊब असते, कोरडी आणि बंद जागा असते. शॉक बसून एखादी मेली की तिच्या अंगातून वास सुटतो आणि बाकीच्या धावून येतात. मी वर्गात हे शिकवलंय. तरीही...

आईला वाटलं, वहिनी बटणाला गूळ लावते. मला म्हणाली, "बेबी, तू ध्यान ठेव तिच्यावर. कोणाला सांगू नको."

चार दुपारी मी पुस्तक पुढ्यात धरून बसले. वहिनीनं वाती वळल्या, केर काढला, झोप आली तेव्हा झोपली. बटणाकडे फिरकलीसुद्धा नाही. मी तसं सांगितलं तर आईचा चेहरा आणखीनच उतरला. गूळ लावला असता तर आईला ते परवडलं असतं.

मग दादानं मेन स्विच बंद करून दोन दिवस घर अंधारात ठेवलं. करंट नाही तर मुंग्या नाहीत, असा त्याचा हिशेब. पण मुंग्या आल्या. तेवढ्याच. दादा स्टुलावर चढून बटण उघडायचा, बघायचा, बंद करायचा. "काहून पण?" एवढंच म्हणायचा.

मेन पुन्हा चालू केल्यावर चारपाच दिवसांनी ते झालं. मुंग्यांनी भरलेलं बटण दबेना म्हणून आईनं जोर लावला. झाकण निसटलं, अंगठा आत गेला. ती किंचाळली आणि भिंतीपासून हातभर लांब जाऊन पडली. अंगठा काळा पडला होता. वहिनी धावत उचलायला गेली तर आई ओरडली, "हात नको लावू मले!"

लगेच आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया होती. सगळ्या लेकी माहेरी जातात तशी वहिनीही जसोंडीला गेली. आणि दुसऱ्या दिवशी घरात औषधाला मुंगी नाही. मी स्वतः सगळी बटणं बघितली. आई पट्टी बांधलेला अंगठा धरून म्हणाली, "पाहिलं? आता तिले तिकडेच राहू दे."

पुढच्या रविवारी सायकलवर मला डबलसीट घेऊन दादा जसोंडीला गेला. पिशवीत एक कोरं बटण होतं. डबीतून नुकतंच काढलेलं, कधी तारेला न लागलेलं. वहिनी ज्या खोलीत झोपायची, तिथल्या फळीवर त्यानं ते ठेवलं आणि शेजारी गुळाचा खडा. वहिनीच्या वडिलांना त्यानं सहज केल्यासारखं विचारलं, "मामा, तुमच्याकडे मुंग्या फार आहेत का?"

ते म्हणाले, "जावईबापू, केळीच्या बागेत मुंग्या नाही त काय हत्ती येतीन?"

सगळे हसले. आम्ही जेवलो. वहिनीनं मला आग्रह करकरून रस वाढला. आम्ही तिला न्यायला आलोय असं तिला वाटत होतं. तिनं पेटीसुद्धा भरून ठेवली होती.

जेवणं झाल्यावर मी आणि दादा फळीपाशी गेलो. गुळाच्या खड्यावर एकही मुंगी नव्हती. दादानं बटण उचलून तळहातावर आपटलं... आणि त्याचा हात काळा झाला. मनगटापर्यंत मुंग्या चढल्या. त्यानं हात झटकला नाही. नुसता बघत राहिला.

वहिनी दारात उभी होती. तिनं सगळं पाहिलं होतं.

"अहो, मी काही नाही केलं," ती म्हणाली.

"मले मालूम आहे," दादा म्हणाला.

त्या दिवशी तो सायकल मामांच्या बैलगाडीत टाकून तिला घेऊनच निघाला, पण शनवाऱ्याला नाही; तिला एका ओळखीच्या घरी उतरवलं. मला घरी सोडलं आणि आईला म्हणाला, "सिंधीपुऱ्यात खोली पाहतो. बिनाबत्तीची." आई म्हणाली, "वायरमनच्या घरी कंदील? लोक हसतीन." लोक हसलेच. दिवसभर हा माणूस खांबावर चढून दुसऱ्यांच्या घरी उजेड करायचा आणि संध्याकाळी घरी जाऊन कंदिलाची काच पुसायचा. सहा वर्षं. आमच्याकडे तो यायचा, आईच्या हातात पगारातला वाटा द्यायचा, पण वहिनीनं आमचा उंबरा ओलांडला नाही. आईनंही बोलावलं नाही.

मग आई आजारी पडली. तापानं अंथरुणाला खिळली. मी मॅट्रिकच्या वर्षात, मला एकटीला झेपेना. एका सकाळी वहिनी न बोलावता आली. लुगड्याचा पदर खोचला आणि कामाला लागली. महिनाभर राहिली.

मी रोज सगळी बटणं उघडून बघायचे. एकही मुंगी आली नाही. वहिनी तीच, घर तेच, बटणंही तीच. आईही पडल्या पडल्या भिंतीवरच्या बटणाकडे टक लावून असायची. वहिनी मात्र बटणाला हात लावत नव्हती. संध्याकाळ झाली की "वन्सं, बत्ती लावता का?" म्हणून मला हाक मारायची.

एका संध्याकाळी मी उठायला लागले तर आईनं माझा हात धरला. वहिनीकडे बघून म्हणाली, "इंदू, तू लाव."

वहिनी कितीतरी वेळ बटणासमोर उभी राहिली. मग तिनं हात पदराला पुसला आणि बटण दाबलं. उजेड पडला. दोघीही रडत होत्या, आणि मी मुंग्या येतात का ते बघत होते.

नंतर दादा-वहिनी परत शनवाऱ्यात राहायला आले. मुंग्या पुन्हा कधीच आल्या नाहीत. म्हणजे घरात यायच्या, साखरेच्या डब्यात यायच्या, सगळ्यांच्या घरी येतात तशा. बटणात नाही.

का आल्या, का थांबल्या... मी पुष्कळ डोकं चालवलं. वहिनीच्या पोटात काही रोग होता का? अंगाला काही वास होता का? मग तो जायला सहा वर्षं का लागली, की आधीच गेला होता आणि आम्हालाच कळलं नाही? त्या कोऱ्या बटणाचं काय? गुळाचं काय? एकही उत्तर सगळ्या गोष्टींना पुरत नाही.

वहिनी वारली त्याच्या थोडे दिवस आधी मी धीर करून तिलाच विचारलं. म्हटलं, "वहिनी, खरं सांग, तुला काही माहीत होतं?"

ती म्हणाली, "वन्सं, मी तर आजवर समजत होते की तुम्ही इतक्या शिकल्या, तुम्हाला कळलं असेल. मला वाईट वाटेल म्हणून तुम्ही सांगत नाही."