कस्तुरामावशीच्या तळ्यातला रोहू

लोणावळ्यातला बंगला विकला, तेव्हा मागच्या हौदातल्या रंगीत माशांचं काय झालं, हे तुम्ही कधी विचारलंत का? तुमचा नसेल तर तुमच्या साहेबाचा, मेव्हण्याचा, सोसायटीतल्या कुणाचा तरी बंगला इकडं असेलच. सोफे नेले, एसी उतरवून नेले, झुंबर गादीत गुंडाळून नेलं. मासे कुणी नेत नाही. जाताना गाडीची काच खाली करून कामवाल्या बाईला सांगतात, "त्यांचं बघा काहीतरी." आणि काच वर.

ती बाई म्हणजे आमच्या कस्तुरामावशी. माहेर आंदर मावळातलं, जिथं अजून एसटी आली तर आली. सासर भुशी धरणाच्या रस्त्याला लागून असलेल्या आमच्या वाडीत. नवरा गेला तेव्हा मुलगा सत्यम शाळेत होता. तेव्हापासून मावशी त्या एकाच बंगल्यात झाडलोट करत होत्या. मालक वर्षातून दोनदा यायचे. बाकीचे दिवस बंगल्यात दोनच गोष्टी जिवंत होत्या, मावशी आणि हौदातले जपानी मासे. त्या माशांना कोई म्हणतात, हे मावशींना ठाऊक होतं, पण त्या तसं म्हणायच्या नाहीत. म्हणायच्या, "माजे मासे." पगार मालकाचा, हौद मालकाचा, मासे मात्र मावशींचे. यात काय चुकीचं होतं, तुम्हीच सांगा. मालक आले की मासे तळाशी जायचे. मावशींच्या पायातल्या चपलांचा आवाज आला की सगळे काठाला, तोंडं उघडून.

नव्या मालकाला हौदाच्या जागी पोहण्याचा तलाव हवा होता. ठेकेदाराने मावशींना सांगितलं, उद्या पाणी सोडतोय, मासे ओढ्यात टाका नाहीतर खा. मावशींनी दूधवाल्याचा पिकअप बोलावला, निळे पिंप मागून आणले, वर ओली पोती टाकली, आणि नव्या नवरीच्या रुखवताजवळ बसावं तशा पिंपांना हात लावून मागं बसून घरी आल्या. वाडीतली पोरं पिकअपमागं धावली. एकजण ओरडला, "मावशी, मसाला वाटायला घेऊ का?" मावशींनी पिंपातलं मगभर गार पाणी त्याच्या तोंडावर मारलं.

घरामागं रस्त्याला लागून एक तुकडा होता, पूर्वी भाताची रोपं टाकायचे तो. तिथं सत्यमनेच तळं खणून दिलं. खाली ताडपत्री, कडेला दगड, वरच्या झऱ्याचं पाणी पाइपाने आत, जादाचं पाणी खालच्या खाचरात. सत्यम तळेगावला कंपनीत कंत्राटावर आहे, वाईट पोरगा नाही. पण त्याचा डोळा त्या तुकड्यावर होता. पावसाळ्यात शनिवार-रविवारी आमच्या रस्त्यावर गाडी लावायला जागा म्हणजे काय, ते तुम्हाला मी सांगायला नको, तुम्हीच तर येता. शेजारच्याने अंगणात मुरूम टाकला, पार्किंगची पाटी लावली, आणि दोन पावसाळ्यांत घराला स्लॅब घातला.

तेव्हा तळं खणतानाच मायलेकाचा करार झाला. मी तिथं उभी होते. सत्यम फावड्याला टेकून म्हणाला, "आई, तुजे मासे हायेत तंवर मी हात लावणार न्हाई. मासे सपले की मुरूम टाकणार. मग बोलायचं न्हाई."

"न्हाई बोलणार," मावशी म्हणाल्या.

मी सत्यमला तिथंच झापलं. आईशी करार करतोस, स्टॅम्पपेपर आणू का, असं विचारलं. मावशींनीच मला गप्प केलं. त्यांचं म्हणणं, पोरगं मनात ठेवण्यापेक्षा तोंडावर बोललं ते बरं.

दोन वर्षं तळं असं होतं की वाडीतल्या बाया भांडून आल्या की तिथं येऊन बसायच्या. एक हळदीच्या रंगाचा, एक काळा-पांढरा, आंधळ्या डोळ्याचा एक तांबडा, बरीच बारकी पोरं. आणि एक पांढरी शुभ्र, हातभर लांब, कपाळावर लालभडक गोल. तिला मावशी 'कुंकवाची' म्हणायच्या. ती मावशींच्या बोटातून भात खायची. मी एकदा हात घातला तर शेपटीने माझ्या चष्म्यावर पाणी उडवून गेली. माणूस ओळखायची.

मग तो रोहू आला.

पावसाने ओढे भरले की नदीतले मासे अंडी घालायला उलटे वर चढतात, थेट भाताच्या खाचरांत. चढणीचे मासे. आमच्याकडं त्या दिवसांत कंदील, बॅटऱ्या, जाळ्या घेऊन निम्मी वाडी चिखलात असते. भिकाजी आबा आमच्या विहाराशेजारचे, रेल्वेतून रिटायर झालेले, पण चढणीच्या दिवसांत अठरा वर्षांचे होतात. त्यांना बांधाच्या तोंडाशी एक रोहू घावला. थोराड, पोट टरारलेलं. ते मिरवत मिरवत मावशींच्या दारावरून चालले होते.

मावशींनी पोट पाहिलं आणि वाटेत आडव्या आल्या. त्यांच्या माहेरी गाभोळीने भरलेली पहिली मासळी चुलीवर चढवत नाहीत, पाण्यात परत सोडतात. पोटुशीला घरातून उपाशी पाठवत नाहीत, तसंच हे. आबा म्हणाले, कस्तुरा, गाभोळीसाठीच तर खातात. मावशी म्हणाल्या, मग आदी मला खावा. आबांनी हसून मासा त्यांच्या हातात दिला. बाहेर अंधार, ओढा फुगलेला, खाली उतरायला घसरण. मावशी सगळ्यात जवळच्या पाण्याकडं गेल्या. मागच्या तळ्याकडं. मासा सोडला, वरून मूठभर भात टाकला, आणि समाधानाने झोपल्या.

आता शहाणे म्हणतील, नवा मासा आधी वेगळ्या टाकीत ठेवायचा असतो, मग जुन्यांत सोडायचा. मोबाइलवर सगळं आहे. असेल. पण दारात आलेल्या पोटुशीला बाहेर पडवीत ठेव, आजारी आहे का बघू, मग घरात घे, असं मावशींना सात जन्मांत सुचलं नसतं. मला तरी कुठं सुचलं? मी दुसऱ्या दिवशी तो रोहू बघून 'झकास' म्हणून आले होते.

आधी मासे दगडांना अंग घासायला लागले. मावशींना वाटलं, नवीन पाहुणी आली म्हणून खेळतायत. मग उड्या मारायला लागले, पाण्याबाहेर, धपकन. पर्यटकांची एक टोळी रस्त्यावरून वाकून व्हिडिओ काढत होती, "सो क्यूट" वगैरे. मी त्यांना विचारलं, तुमच्या अंगात उवा झाल्या की तुम्ही नाचता का? तेव्हा मला उवांचं काहीच माहीत नव्हतं, रागात तोंडाला आलं ते बोलले. आणि तेच निघालं. हळदीचा मासा मरून वर आला, मावशींनी त्याला ताटात घेतलं, तर अंगावर मसुराच्या डाळीएवढे पारदर्शक किडे चालत होते. फोटो काढून मी तळेगावच्या रंगीत माशांच्या दुकानदाराला पाठवला. तो म्हणाला, या माशाच्या उवाच, नदीच्या माशाबरोबर येतात, जखमा करतात, मग त्या जखमा सडतात.

रोहू मात्र ठणठणीत होता. त्याला सवय असावी. नदीत वाढलेला जीव, चार उवांनी काय होतंय त्याला.

औषध मिळालं. पण बाटलीवर लिहिलेलं, इतक्या लिटरला इतके थेंब. तळं हाताने खणलेलं, एका कडेला गुडघाभर, दुसऱ्या कडेला छातीएवढं, मधे दगड. लिटर कसे काढायचे? सत्यमने काठी घालून खोली मोजली, मी मोबाइलवर गुणाकार केला, आमचं उत्तर जुळलं नाही. मधला आकडा धरला. दुसऱ्या दिवशी माशांची बारकी पोरं सगळी वर तरंगत होती. औषध जास्त झालं का कमी पडलं, हे आम्हाला आजही माहीत नाही. जनावरांच्या डॉक्टरांकडं गेलो. भला माणूस. म्हणाला, गाय आणा, म्हैस आणा, मी येतो, माशाचं मला खोटं सांगता येणार नाही. खडेमिठाचं पाणी करून बघा म्हणाला. केलं. आंधळा तांबडा दोन दिवस तरतरीत झाला, मावशींनी वाडीत गूळ वाटला, आणि तिसऱ्या दिवशी तो गेला.

मग पाणी बदलू म्हणून झऱ्याचा पाइप सोडला, तर वर कुणा बंगल्याने झरा अडवून टाकी बांधलेली. मी वर जाऊन त्या वॉचमनशी भांडले, कुंपणाला लाथ घातली, पाणी काही सुटलं नाही. त्याच्यावर ओरडून काय उपयोग, तो पण कुणाचा तरी नोकर. नाइलाजाने ग्रामपंचायतीच्या नळाचं पाणी घेतलं. पावसाळ्यात त्या नळाच्या विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकतात, आपल्याला जुलाब होऊ नयेत म्हणून. माणसाला वाचवणाऱ्या त्या पाण्याने काळा-पांढरा मासा संध्याकाळपर्यंत संपवला. सत्यमनेच पाइप धरला होता. तो रात्री जेवला नाही. दुसऱ्या दिवशी कंपनीतून येताना तो हवा सोडायचा पंप घेऊन आला, बसवला, आणि त्याच्याजवळ बसून राहिला. म्हणून म्हणते, वाईट पोरगा नाही.

भिकाजी आबा मावशींच्या दारावरून जायचे बंद झाले. लांबून, विहाराच्या मागून वळसा घालून दुकानात जायचे. मावशींच्या ते ध्यानात आलं. त्या स्वतः आबांच्या ओट्यावर जाऊन बसल्या. आबा खाली बघत म्हणाले, "माज्यामुळं झालं, कस्तुरा."

"तुमी तर कालवण करनार व्हता," मावशी म्हणाल्या. "मासा तुमी दिला न्हाई, मी मागून घेतला. उगाच माजी चूक तुमी नका घेऊ. माजी हाय, माज्याकडंच ऱ्हाऊ द्या."

शेवटी कुंकवाची उरली, आणि रोहू. कुंकवाचीच्या पाठीवर जखम, तिच्यावर कापसासारखी बुरशी. ती पंपाच्या बुडबुड्यांशी तोंड लावून उभी असायची. मावशी पाण्यात उतरून, तिला मांडीवर घेऊन, चिमट्याने उवा काढायच्या, हळद-तेल लावायच्या. मासा पळत नव्हता. कल्ले हलायचे, डोळा मावशींकडं. मी तिथं उभी राहू शकत नव्हते, आणि मी मोर्चात लाठी खाल्लेली बाई आहे. एका सकाळी ती मावशींच्या हातातच थांबली. मावशींनी तिला पदराने पुसलं, तळ्याकाठच्या पेरूखाली पुरलं. रडल्या नाहीत. नुसतं म्हणाल्या, "कपाळ मातुर शेवटपर्यंत लाल व्हतं."

आता माझं डोकं चालायला लागलं. मी सत्यमला आणि आबांना बोलावलं आणि ठणकावून सांगितलं, करार काय होता? मासे आहेत तोवर तळं. रोहू आहे ना तळ्यात? मग मुरूम कसला टाकतोस? आबा म्हणाले, व्हय की, त्यो काय बेडूक हाय का? सत्यमने मान खाली घातली. खरं सांगते, तो ऐकणार होता. मी त्याच्या तोंडावर बघितलं ते. त्यालाही कुणीतरी अडवायला हवंच होतं.

मावशींनीच नाही म्हटलं.

"त्याला बघितलं का मला त्याचा राग येतो," त्या म्हणाल्या. "आन् राग यावा असं त्यानं काय केलंय? पोटुशी आली, पोटुशीसारखी ऱ्हायली. असं रोज तिच्यावर चिडत मी न्हाई जगायची. सत्यम, माजे मासे सपले. मुरमाची गाडी बोलव."

मी चिडले. म्हटलं, मावशी, तुम्ही हरलात असं लोक म्हणतील. त्या म्हणाल्या, मग हरलेच की, त्यात लोकांनी खोटं काय सांगितलं.

त्यांनी रोहू जुन्या हंड्यात घेतला. त्याचं पोट केव्हाच खपाटीला गेलं होतं. अंडी कधी घातली, कुणी खाल्ली, कळलंच नाही, तळ्यात एक पिल्लू दिसलं नव्हतं. मी आणि मावशी ओढ्यापर्यंत उतरलो. मावशींनी हंडा तिरका केला. रोहू क्षणभर उभा राहिला, मग गढूळात गेला. मावशींनी हंडा घासून घेतला आणि वर चालू लागल्या.

मुरूम टाकून झालाय. ताडपत्री खालीच आहे, काढली नाही कुणी. पाटी सत्यमने रंगवून ठेवलीय, लावायला हात अजून होत नाही, पण लावेल, घरात खर्च आहे. मावशी मागचं दार उघडत नाहीत. धुणं पुढं वाळत घालतात.

तुम्ही या पावसाळ्यात येणारच. भुशीला भिजा, कणसं खा, मला काही म्हणायचं नाही. रस्त्याला लागून एक पेरूचं झाड दिसेल, त्याच्या शेजारी नवा लाल मुरूम. तुमची गाडी तिथं लावू नका. सत्यमचं भाडं बुडेल, तो मला शिव्या घालेल, घालू दे. पुढं जा, लांब लावा, चालत या. तिथं लावू नका.