कोण किती वापरतं

अमरावतीच्या एका कॉलेजात मी सर्व्हर सांभाळतो. घर अकोल्याला, शनिवारी जातो. सगळ्या विभागांची मोठी कामं त्या एकाच मशीनवर चालतात. कोणाच्या खात्यावरून प्रोसेसर किती चालला, मेमरी किती लागली, डिस्क किती भरली, याची नोंद मशीन आपोआप ठेवतं. एरवी ती कोणी मागत नाही. त्या हिवाळ्यात मात्र संख्याशास्त्र विभागाची तक्रार आली, की साधी आकडेमोड लावली तरी उत्तर येत नाही. प्राचार्यांनी मला बोलावलं.

"कोण खाऊन राह्यलं मशीन? मले नाव पायजे," ते म्हणाले.

नाव सापडायला वेळ लागला नाही. कॉम्प्युटर विभागातल्या एका तरुण शिक्षिकेचं खातं सगळ्यांच्या कितीतरी पुढे होतं. नोंदीत किती वापरलं ते दिसतं, कशासाठी ते दिसत नाही. तिच्या फायली मला उघडता आल्या असत्या. त्यापेक्षा तिलाच विचारलेलं बरं, म्हणून तिच्याकडे गेलो.

ती शेंदूरजनाघाटची. तिचे वडील तिथल्या बाजारात संत्र्याचा लिलाव पुकारायचे. त्यांना घशाचा कॅन्सर निघाला होता आणि स्वरपेटी काढायची ठरली होती. तिने त्यांचा आवाज रेकॉर्ड करून ठेवला होता. टाइप केलेलं त्यांच्याच आवाजात बोलेल असा प्रोग्राम ती तयार करत होती. प्रोग्रामला तो आवाज शिकवायचं काम तिच्या लॅपटॉपला झेपत नव्हतं, म्हणून तिने ते कॉलेजच्या मशीनवर लावलं होतं. हे तिने काही न लपवता सांगितलं.

"ऑपरेशनच्या आधी अब्बाले ऐकवायचं हाये, सर," ती म्हणाली. "नंतर काही चुकलं तं परत बोलून कोण दाखवन?"

मी तिला अर्ज लिहायला लावला आणि तिच्यासोबतच प्राचार्यांकडे गेलो. त्यांनी अर्ज दोनदा वाचला. वडिलांची तब्येत विचारली, डॉक्टर कोण ते विचारलं. मग सुट्टीच्या दिवशी हवं तेवढं चालवा, कामाच्या दिवशी दुसऱ्यांचं अडता कामा नये, असा निकाल दिला. त्याप्रमाणे मी तिच्या खात्यावर मर्यादा लावली. संख्याशास्त्राची तक्रार थांबली. तिचं काम मात्र रेंगाळलं.

ऑपरेशन अकोल्यात झालं, कारण तिची खाला, आईची बहीण, तिथे राहते. प्रोग्राम तेव्हा पुरा झालेला नव्हता. मर्यादा नसती तर झाला असता, हे तिलाही माहीत होतं आणि मलाही.

पुढे एका शनिवारी मी दवाखान्यात गेलो. वडील खाटेवर बसले होते, गळ्याला पट्टी. आवाज आदल्याच दिवशी तयार झाला होता. तिने फोनवर टाइप केलं आणि फोनने मृग बहाराच्या संत्र्यांची बोली पुकारली, "बोला, मृगाचा माल हाये, बोला." जाड, जरासा घोगरा आवाज. तिची आई दाराकडे तोंड करून उभी राहिली. वडिलांनी खुणेने ते परत लावायला सांगितलं, मग पाटी मागितली आणि लिहिलं, 'हा तर पेपर वाचून राह्यला.'

ती हसली आणि हसता हसता रडली. नंतर तिने मला सांगितलं, की रेकॉर्डिंग घरी केलेलं, रोज वर्तमानपत्र वाचून घेत. घरात बसून लिलाव कोण पुकारतो?

आता बाजारात लिलाव तिचा काका पुकारतो. वडील शेजारी उभे राहून बोटांनी भाव चढवतात. फोन ते घरी वापरतात, चहा मागायला, नातवंडांना रागवायला. कधी व्यापाऱ्यांनाही लावतात. पलीकडचा माणूस तो आवाज ऐकून आधी खरंच तुम्हीच का, असं विचारतो, असं ती सांगते. मग भाव विचारतो.