विमलाबाईंची शेवटची सुकेळी

राजोडीच्या विमलाबाईंचा हट्टी स्वभाव अख्ख्या आळीला ठाऊक. लग्न होऊन आल्या तेव्हाच सासूने बजावलं होतं, "सुकेळी वाळत घातली की परक्याची नजर पडू द्यायची नाही. पडली की आंबलीच समज." पिकलेली राजेळी केळी सोलायची, सात दिवस उन्हात वाळवायची, रोज संध्याकाळी गोळा करून सुक्या पानांत झाकायची आणि कधी थांबायचं ते अंगठ्याने दाबून ठरवायचं. ऐकायला एवढंच. पण विमलाबाईंच्या अंगठ्याला तोड नव्हती. सासूला जाऊन वीस वर्षं झाली तरी बाईंनी तिचा नियम मोडला नाही. सून आली असती तर तिला शिकवलं असतं म्हणा, पण एकुलता एक प्रणव कॅनडात. लग्नाचं नाव काढलं की पठ्ठ्या फोनच ठेवायचा.

डिसेंबरात इलोना आली. हंगेरीची, वीस वर्षांची, कॉलेजांच्या विद्यार्थी अदलाबदलीत पाच महिन्यांसाठी. प्रणवची खोली तिला दिली. बाईंचे यजमान तुळशीदास, त्यांना ती आठवड्याभरात "बाबा" म्हणायला लागली आणि म्हातारा विरघळला. बाईंचाही जीव जडला तिच्यावर, खोटं कशाला बोला. पण जानेवारीत दोन घड सुकायला घातले तेव्हा त्यांनी पोरीला मागच्या अंगणात पाऊल टाकू दिलं नाही.

"आई, मी बघू?"

"नको गं, धूळ असते तिकडे."

धूळ कसली डोंबलाची! माल तयार झाला, बांधला, ज्याने सांगून ठेवला होता त्याच्याकडे गेला. पोरीच्या जिभेला तुकडासुद्धा लागला नाही.

एप्रिलच्या अखेरीस दीर आले आणि केळीची वाडी विकायच्या कागदांवर सगळ्यांच्या सह्या झाल्या. तुळशीदासांनीही केली, तिघे भाऊ एकीकडे झाल्यावर एकटा माणूस करणार काय? जूनमध्ये बिल्डर ताबा घेणार होता. दुसऱ्या दिवशी बाई वाडीत जाऊन उभ्या राहिल्या. राजेळीचा एकच घड उरला होता. आपण गेलो की ही विद्याही आपल्याबरोबर जळणार, हे तेव्हा कुठे त्यांच्या ध्यानात आलं. इलोनाला जायला तीन आठवडे होते.

"तुला शिकवते मी. सगळं. काही लपवणार नाही," बाई तिला म्हणाल्या.

पोरीने आनंदाने मिठीच मारली. पण मैत्रिणींबरोबर तिची हंपी, जयपूर, वाराणसी अशी तिकिटं आधीच काढलेली. "शेवटचे दिवस ना, आई. सगळं बघायचंय. दहा दिवसांत येते, मग आपण करू."

तिचं तरी काय चुकलं? चार महिने दारात ताटकळत होती, तेव्हा कुणी आत घेतलं नव्हतं.

बाईंनी घड उतरवून पिकत घातला आणि दिवस मोजत बसल्या. दहाव्या दिवशी फोन आला, "आई, अजून चार दिवस. प्लीज!" केळी ऐन पिकली होती. तुळशीदास म्हणाले, "अगं, तू घाल वाळत. आली की पुढचं दाखव."

"पहिलं केळं सोलण्यापासून बघायला हवं तिने. अर्धवट नाही शिकवायची मी."

झालं. घड काळा पडत गेला, बाई रोज चाचपून बघत राहिल्या आणि हात मागे घेत राहिल्या.

इलोना आली तेव्हा जायला पाच दिवस उरले होते. केळी सोलताना हातात लगदा येत होता. वर आभाळ भरलेलं, खाडीकडून दमट वारा. पोरीने मात्र जीव ओतला. वहीत लिहिलं, फोटो काढले, बाई दाबतील तिथे आपला अंगठा दाबून पाहिला. तिसऱ्या संध्याकाळी पानं उघडली आणि बाईंना तो आंबूस वास आला. क्षणभर सासू आठवली. पण नजरबिजर काही नव्हतं, हे बाईंना पक्कं कळत होतं. घड त्यांनी स्वतःच्या हाताने नासवला होता. फेकून द्यायला हवा होता. दुसरा असता तर दिलाही असता.

निघायच्या दिवशी इलोनाने एक सुकेळी उचलली, डोळे मिटून खाल्ली.

"किती छान, आई! थोडी आंबट. अशीच असते ना?"

बाईंनी तोंड उघडलं. खरी सुकेळी मधासारखी असते पोरी, तिला आंबट म्हणणारा माणूस अजून जन्माला यायचाय, असं सगळं ओठांवर आलं. पोरीच्या डोळ्यांत पाणी होतं आणि बाहेर गाडीवाला हॉर्न देत होता.

"हो," बाई म्हणाल्या. "अशीच."

तिने वहीत तेही लिहून घेतलं. उरलेल्यातल्या चार आपल्या आईसाठी बांधून मागितल्या. बाईंनी बांधून दिल्या. मग पोर दोघांच्या पाया पडली आणि गाडी गेली.

"सांगायचं तरी होतंस तिला," तुळशीदास म्हणाले.

"काय सांगू?" बाई पायरीवर बसल्या, पदर तोंडाला लावला. "ही वाईट म्हणून सांगितलं असतं, तर चांगली कुठून आणून दिली असती हो मी?"

तुळशीदासही शेजारी पायरीवर टेकले. वाडीच्या कागदांवर सही त्यांचीही होतीच.