तिच्या कानाचं अपडेट

गाडी उभी असली की इंजिन बंद. हा माझा आयुष्यभराचा कायदा. शहराबाहेरच्या वाडीच्या गोदामांतून माल भरून मी ट्रक घेऊन अर्धा देश फिरलो, पण उभ्या गाडीत डिझेल जाळलं असं माझ्याबद्दल कोणी बोलू शकत नाही. शाळेशी माझं फार जमलं नाही. अक्षर लावून लावून वाचतो, लिहितो त्याहून हळू. पण इंजिनाच्या आवाजावरून त्याच्या पोटात काय दुखतं ते सांगायचो, त्यामुळे कोणापुढं मान खाली घालायची पाळी आली नाही.

म्हणून मुलानं स्मार्टफोन आणून दिला तेव्हा मी तो घेऊन आधी मोबाईलवाल्याकडे गेलो. मनीषनगरात आम्ही मुलाच्या फ्लॅटमध्ये राहतो, त्याच बिल्डिंगखाली त्याचं दुकान आहे. त्याला बजावलं, "मी हातात घेतला तरच हा चालला पाहिजे. ठेवला का बंद. माझ्या मागं यानं काही करू नये."

"बाबूजी, थोडंफार तर मागून चालतेच."

"काहून? उभ्या गाडीत डिझेल काहून जाळाचं?"

तो हसला. आत कुठंकुठं बोट फिरवून त्यानं काय काय बंद केलं ते त्यालाच माहीत. पुढची शिस्त मी ठेवली. काम झालं की उघडलेली सगळी पानं बोटानं वर उडवायची, नेट बंद करायचं, झोपताना फोनच बंद. त्यालाही आराम पाहिजे.

आता माझ्या बायकोचं सांगतो. तिला ऐकू येत नाही. एकदम गेलं नाही. भिंतीचा रंग उडतो तसं हळूहळू गेलं, अन् एक दिवस पाहावं तर भिंत उघडी. एकदा नात्यातल्या कार्यक्रमात शेजारच्या बाईनं तिला आपला भाऊ वारल्याचं सांगितलं. हिला ऐकू आलं नाही. आजूबाजूचे सगळे हसतबोलत होते, म्हणून हीही हसली, मान हलवली आणि म्हणाली, "बरं झालं." ती बाई उठूनच गेली. घरी आल्यावर सुनेनं कानाशी ओरडून काय झालं ते सांगितलं. त्या दिवसापासून ही चार माणसांत बसेना. कोणी आलं की स्वयंपाकघरात.

मग मुलानं कानाची मशीन आणली. शेंगदाण्याएवढी, दोन्ही कानांत एकेक. पहिल्या दिवशी ती नुसती पंख्याखाली बसून राहिली. "हा एवढा वाजते?" म्हणाली. मशीनचा आवाज कमीजास्त करायचा तो फोनमधल्या ॲपवरून. तिला स्वतःचा फोन नको. ऐकूच येत नव्हतं तर फोन काय चाटाचा, असं तिचं म्हणणं. म्हणून तिचे कान माझ्या फोनला जोडले. तिच्या कानाची किल्ली माझ्या खिशात आली म्हणा.

शेजारच्या प्लॉटवर नवीन बिल्डिंग चालू आहे. मनीषनगरात कुठं चालू नाही? एका दुपारी ड्रिल लागली आणि तिच्या डोक्यात खिळे ठोकल्यासारखं झालं. "कमी करा, एकदम कमी करा." मी केला. संध्याकाळी वाढवायला गेलो तर ॲप उघडेना. आधी अपडेट करा म्हणे. बोट लावलं. गोल चक्कर फिरायला लागलं आणि खाली शब्द आला: प्रलंबित. हा एक शब्द मला अक्षर न लावता वाचता येतो. गाडीच्या एका भानगडीपायी मी कोर्टाच्या पायऱ्या घासल्या आहेत, तिथं तो नेहमी भेटायचा. तो भेटला की समजायचं, आज काही होत नाही.

आणि येत्या रविवारी काटोलचे पाव्हणे नातीला पाहायला येणार होते. पोरगा-पोरगी आधीच एकमेकांशी बोलून मोकळे झाले होते. मोठ्यांनी घर पाहायचं, चहा घ्यायचा आणि हो म्हणायचं, एवढंच बाकी. पण बायकोनं जाहीर करून टाकलं, "मी आतच बसीन. मले बाहेर बलावू नका. अजून एकदा 'बरं झालं' निंघालं तोंडातून, तर जमलेलं मोडन."

नातीला हिनं वाढवलं. सून नोकरीवर जायची तेव्हा पोरगी हिच्याच कडेवर. आणि तिच्याच सोयरिकीत ही भज्याच्या कढईमागं लपून बसणार? मला ते पटेना.

सून म्हणाली, "मामाजी, आणा इकडं, मी पाहते."

"माझी गाडी मी दुरुस्त करतो."

"गाडी नोहोय ते, फोन होय."

"तुले काय माहीत?"

ती हसली, डबा उचलला आणि ऑफिसला जाता जाता दारातून म्हणाली, "जागा भरली असन, फोटो उडवा. अन् घरचं वायफाय लावा. मोबाईलच्या नेटवर मोठं अपडेट होत नाही."

ती लिफ्टमध्ये शिरली तशी मी सकाळच्या शुभेच्छांची फुलं, सूर्य, चहाचे कप सगळे उडवले. वायफाय लावलं. चक्कर जरा पुढं सरकलं. मी फोन नाकासमोर धरून बसलो. त्याचा उजेड गेला की बोट लावायचं, पुन्हा उजेड. तरी कुठंतरी जाऊन अडकायचंच. मग मी ते पान उडवायचो आणि पहिल्यापासून सुरू करायचो. फोन बंद करून चालू केला. बॅटरी काढून पुसावी म्हटलं तर आजकालची बॅटरी निघत नाही. बोनेटच उघडत नाही अशी ही गाडी! मध्येच दूध आणायला जायची वेळ झाली की पानं उडवून, नेट बंद करून फोन खिशात. शिस्त ती शिस्त. परत येऊन पाहावं तर पुन्हा प्रलंबित.

असं करत शनिवार उजाडला. सून भज्याचं बेसन आणायला बाजारात गेली होती. बायकोनं चष्मा लावला आणि माझ्या हातातून फोन काढून घेतला. ती माझ्यापेक्षा जास्त शिकली आहे. हे ती कधी बोलून दाखवत नाही, वाचून दाखवते. स्वतःचा आवाज ऐकू येत नाही म्हणून वाचतेही असं की खालच्या मजल्याला कळावं.

सेटिंगमध्ये शिरून ती एकेक ओळ वाचत सुटली. "बॅटरी सेव्हर, चालू. डेटा सेव्हर, चालू." मग जिथून ॲप येतात त्या दुकानाचं पान उघडलं. "बॅकग्राउंड डेटा, बंद." तिनं चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "बॅकग्राउंड म्हणजे काय गा?"

"मागून!" मी ओरडलो.

"मागून काय?"

"मागून चालणं!" मी हातानं दाखवलं: फोन पालथा ठेवला, मी तोंड फिरवलं, आणि बोट गोल गोल फिरवलं.

"म्हणजे आपण पाहत नसलो तरी त्यानं काम करत राहाचं?"

मी मान हलवली.

"मंग हे बंद कोणं केलं?"

मी पंख्याकडे पाहिलं. ती बहिरी आहे, आंधळी नाही.

"तुम्ही महिना महिना गाडी घेऊन बाहेर राहत होते," ती म्हणाली. "लेकरं, सासू, पाणी, शाळा, सगळं तुमच्या मागूनच चाललं ना? तवा नाही म्हटलं, डिझेल काहून जाळून राहिली?"

यावर मी काही बोललो असतो तरी तिला ऐकू कुठं येत होतं! मी चुकलो असं मी तेव्हा म्हटलं नाही, आताही म्हणत नाही. उभ्या गाडीत डिझेल जाळणं बरोबर नाहीच. पण हे इंजिन उभ्यानं चालणारं आहे, हे मोबाईलवाल्यानं मला नीट सांगायला पाहिजे होतं.

तिनं दोन्ही सेव्हर बंद केले, बॅकग्राउंड डेटा चालू केला, अपडेटला बोट लावलं आणि फोन चार्जरला जोडून फ्रिजवर ठेवला. "आता याले हात लावाचा नाही. पाहाचंही नाही."

"नुसतं पाहतो ना."

ओठ वाचता येतात तिला. "पाहाचंही नाही म्हटलं. जा खाली."

मी खाली उतरलो. चौकात जाऊन तर्रीपोहे खाल्ले, चव लागली नाही. ड्रिल चालू होती तिथं जाऊन उभा राहिलो. हात सारखा खिशाकडे जायचा आणि रिकामा परत यायचा. आयुष्यात गाडी चालू ठेवून एवढा लांब मी कधी गेलो नव्हतो. लोक कसे राहत असतील असे, कोण जाणे.

परत आलो तर ती ओट्याशी मटार सोलत बसली होती. फ्रिजकडे बोट दाखवून म्हणाली, "झालं वाटते. वाजलं का काही?" मी फोन उचलला. प्रलंबित गेलं होतं. ॲप उघडलं. आवाजाची रेघ मी बोटानं जपून वर सरकवली आणि विचारलं, "आता येते का ऐकू?"

ती दचकली. "अहो, ओरडून काहून राहिले? इथंच तर बसली आहो मी."

रविवारी पाव्हणे आले, आपल्या बागेतल्या संत्र्यांची पिशवी घेऊन. बायको काठाची साडी नेसून बाहेर बसली, माझ्या शेजारच्या खुर्चीत. पदर कानावरून घेतलेला. पहिल्यांदा ती बोलेचना, नुसती हसत ऐकत होती. पोराची आई आणि मावशी समोर बसल्या होत्या. आईनं कप तोंडाला लावून मावशीला हळूच म्हटलं, "चहा लय गोड आहे वं." थोड्या वेळानं मावशी तिच्या कानाशी वाकली, "आजी नुसती हसून राहिली. ऐकू येत नाही वाटते बिचारीले."

माझं डोकं तापलं. मी काही बोलणार तेवढ्यात बायको म्हणाली, "येते ना वं बाई. चहा गोड झाला तेही आलं. दुसरा मांडाले सांगते, थांबा."

पहिली हसली ती पोराची आईच, इतकी की कप खाली ठेवावा लागला. मावशी पदर तोंडाला लावून बसली. तिथून बोलणं मोकळं झालं.

निघायच्या आधी पोराची आई खुर्ची ओढून बायकोजवळ आली. आवाज खाली उतरवून म्हणाली, "आमच्या सासूबाईले लय हौस होती नातवाच्या लग्नाची. उन्हाळ्यात गेल्या."

माझा हात खिशातल्या फोनवर गेला.

बायको हसली नाही. तिनं त्या बाईचा हात हातात घेतला आणि विचारलं, "आजारी होत्या का?"

ती सांगू लागली. ही ऐकू लागली. दोघी इतकं हळू बोलत होत्या की शेजारी बसून मलाच काही ऐकू आलं नाही.